सहा पिपेट व्हिस्की, तीन पिपेट काढा

१८ जून २०१५, गुरुवार

काल धोंड्याचा महिना लागला. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी जावई. कुणाचा लातूरहून येणार, कुणाचा पाथर्डीहून. टँकर तीन दिवसांआड येतो, मृगात पेरलेली कपाशी मान टाकून बसली आहे, पण जावयाला पुरणाचे धोंडे जेवू घालायचे म्हणजे घालायचेच. तीन वर्षांतून एकदा येणारा महिना, त्याला दुष्काळाची सबब चालत नाही.

आम्हालाही एक जावई आहे. तो आम्ही अजून पाहिलेला नाही.

आमच्या लेकीने, मंजूने, दोन वर्षांपूर्वी पुण्यात रजिस्टर लग्न केलं. मुलगा उत्तरेश्वर, आष्टीकडचा. आईबाप ऊस तोडायला जाणारे, पोरगा हॉटेलचं शिक्षण घेऊन स्वतःच्या पायावर उभा. इथपर्यंत आमच्या सौभाग्यवती मुक्ताबाई शांतपणे ऐकत होत्या. मग मंजूने सांगितलं की तो एका मोठ्या हॉटेलात दारू वाढतो. बारटेंडर. तेच त्याचं काम.

आता मुक्ता कोण, तेही लिहून ठेवतो. चार वर्षांपूर्वी गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात; दुकान हवं तर उभ्या बाटलीवर शिक्का, नको तर आडवीवर. मुक्ता उन्हातान्हात दारोदार फिरली आणि आडवी बाटली दणदणीत निवडून आली. तेव्हापासून पार नांदूरघाटापर्यंत लोक तिला आडव्या बाटलीच्या मुक्ताबाई म्हणतात. अशा बाईला उभ्या बाटलीचा जावई! ती म्हणाली, "लेक आली तर येऊ द्या. त्यो या उंबऱ्यात न्हाई." मंजू म्हणाली, "आलो तर दोघं, नाहीतर कुणीच नाही." दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव, पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सभांचं इतिवृत्त लिहीत आलो, आणि घरच्या सभेत तटस्थ राहिलो.

दोन वर्षं लेकीचं तोंड पाहिलेलं नाही. हा धोंडा हुकला तर पुढचा तीन वर्षांनी. मला आता तटस्थ राहवत नाही, म्हणून ही वही घातली आहे.

२० जून, शनिवार

संस्थेतून मंजूला फोन लावला. आधी हवापाणी विचारलं, मग आडूनआडून, "जावईबापूंना आवडतं काय गं खायला-प्यायला?"

"मॅनहॅटन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लिहून घेतलं. बंगाली मिठाई असावी, रसगुल्ल्याच्या जातीतली. बीडला चौकशी करतो.

२२ जून, सोमवार

बंगाली मिठाई नाही. मंजूचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: "व्हिस्की साठ मिली. गोड व्हर्मुथ (जडीबुटी मुरवलेली वाइन) तीस मिली. बिटर्स (कडू अर्क) दोन थेंब. भरपूर बर्फात ढवळायचं, घुसळायचं नाही. गाळून पेल्यात, वर एक चेरी. आप्पा, तुमचे जावई हे करायच्या स्पर्धेत पुण्यात पहिले आलेत. तुम्ही निदान विचारलंत तरी."

शेवटचं वाक्य चारदा वाचलं. चष्मा पुसून पाचव्यांदा वाचलं.

धोंड्यात जावयाला त्याच्या आवडीचं करून वाढायचं, हा शिरस्ताच आहे. तेव्हा ठराव क्रमांक एक: मॅनहॅटन घरी करायला शिकणे. सूचक मी, अनुमोदक मी. विरोध कुणाचाच नाही, कारण कुणाला कळवलेलं नाही. मुक्ताला तर नाहीच नाही. पोरगा येईल, त्याच्या कामाचा आपण मान ठेवला हे त्याला दिसेल, तो खूश होईल, मंजू खूश होईल. मुक्ताचं काय, ते अजून ठरलेलं नाही.

एक अडचण आहे. मी जन्मात दारूचा थेंब चाखलेला नाही. व्रत वगैरे काही नाही, संधीच आली नाही.

२४ जून, बुधवार

संस्थेच्या कामाला म्हणून सांगून मांजरसुंब्याला गेलो. ढाब्यांच्या ओळीमागे एक दुकान आहे असं ऐकून होतो. तोंडाला उपरणं गुंडाळलं, डोळे तेवढे उघडे. गल्ल्यावरच्या माणसाने पाहिलं मात्र आणि म्हणाला, "या या, सचिवसाहेब!"

बिभीषण! ज्याचं गावातलं दुकान आमच्या मुक्ताने आडवं केलं, तोच. आता इथे बस्तान बसवलंय.

"पाव्हणे हाईत का?" त्याने विचारलं.

"गुडघ्याला चोळायला पाहिजे," मी म्हणालो.

"मंग रम न्या की. गुडघ्याला व्हिस्की कोन चोळतंय बे?" मग जीभ चावून म्हणाला, "चुकलं, साहेब. जुनी सवय."

एक व्हिस्की आणि एक तांबडी वाइन घेतली. निघताना तो म्हणाला, "वैनीला रामराम सांगा माझा." मी नुसतं पाहिलं. "न्हाई, नगा सांगू," तो म्हणाला.

घरी आलो तर मुक्ताने विचारलं, "कोन भेटलं मांजरसुंब्याला?" मी म्हणालो, कुणी नाही. ती "बरं" म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. माझ्यावर तिचा विश्वास आहे, या विचाराने रात्रभर वाईट वाटलं.

२७ जून, शनिवार

बाटल्या संस्थेच्या डीप फ्रीजमागे लपवल्या आहेत. हा फ्रीज चांगल्या दिवसांत श्रीखंड विकायला म्हणून घेतला होता. श्रीखंड एकदाच झालं आणि ते संचालकांनीच खाल्लं.

आज मोजमापाचा सराव केला. साठ मिली मोजायचं कशात? फॅटचं मशीन व्होल्टेजने जळाल्यापासून आम्ही दुधाची तपासणी जुन्या पद्धतीनेच करतो. काचेची पिपेट, बरोबर पावणेअकरा मिलीची. दुधात बुडवायची, तोंडाने ओढायचं, खुणेपर्यंत आलं की वर बोट दाबायचं. साठ मिलीला साडेपाच पिपेट आणि वर थोडं भरतं. वरचं थोडं सभासदाच्या बाजूने धरायचं, या न्यायाने सहा केल्या. व्हर्मुथच्या तीन.

पस्तीस वर्षांचा हात, त्यामुळे फारसा विचार न करता पिपेट व्हिस्कीत बुडवली आणि ओढली. दूध जाड असतं, सावकाश चढतं. व्हिस्की सावकाश चढत नाही. ती खुणेवर थांबली नाही, ती थेट घशात गेली.

घशापासून बेंबीपर्यंत पेटलो. खुर्चीवर बसून राहिलो. थोड्या वेळाने संस्थेची आर्थिक स्थिती बरी वाटू लागली. लोक का पितात ते समजलं आणि मुक्ता का विरोध करते तेही लगेच समजलं. लवंग चघळत घरी गेलो. पुढच्या वेळी पिपेटीला रबरी फुगा लावणार.

३० जून, मंगळवार

व्हर्मुथ बीडात मिळत नाही. दुकानदाराने "कुठल्या गाडीचा पार्ट?" असं विचारलं. म्हणून मीच करायचं ठरवलं. जडीबुटी मुरवलेली वाइन, एवढंच ना? तांबड्या वाइनमध्ये दवणा, दालचिनी, संत्र्याची वाळकी साल आणि साखर. कडू अर्काला काडेचिराईत. त्याहून कडू या पृथ्वीवर काही नाही.

काडेचिराईत परसदारी कुटत बसलो होतो तर मुक्ता आली.

"कशाचंय?"

"काढा. पोटाचा."

"आन् एवढं जाडंभरडं कुटतेत व्हय?" तिने खलबत्ता ओढून घेतला आणि मैद्यासारखं बारीक करून दिलं. मग माझ्या पिशवीशी नाक नेऊन म्हणाली, "द्राक्षाचा वास यायलाय."

"द्राक्षासव आहे. वैद्याने सांगितलं."

"बरं."

बिचारी. वैद्याचं नावसुद्धा विचारलं नाही.

२ जुलै, गुरुवार

चव घ्यायला जाणकार हवा. आश्रुबाला विश्वासात घेतलं. आश्रुबा संस्थेत दूध मापतो. पूर्वी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता, तेव्हा पिण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. बाटली आडवी झाल्यापासून सोडली, निदान मला तसं सांगतो.

घरच्या फ्रीजमधून बर्फाचे दोन ट्रे पिशवीत घालून आणले. स्टीलच्या जगमध्ये सगळं ओतलं आणि कॅनमधलं दूध ढवळायचा दांडा घालून चांगलं रवीसारखं फिरवलं. फेस आला. गाळून फुलपात्रात ओतलं, वर पानपट्टीवरून आणलेली लाल चेरी.

आश्रुबाने एका दमात संपवलं. डोळे मिटले. मी विचारलं, "कसं आहे?"

"कडूय. पर लई गार हाय."

"अजून?"

"आप्पा, पुढच्या टायमाला दारू ऱ्हाऊ द्या. नुसता बरफ द्या." आणि जगमधला बर्फ काढून चोखत बसला. गेल्या तीन महिन्यांत माठातलंसुद्धा गार पाणी मिळालं नाही म्हणाला, माठ पाझरून पाणी वाया जातं म्हणून त्याच्या घरी माठच पालथा घातलाय. त्याला चोखताना पाहून मला ट्रे भरताना वापरलेल्या तांब्याभर पाण्याची लाज वाटली.

एक नवल आहे. मी ट्रे रिकामे करतो आणि सकाळी ते पुन्हा भरलेले असतात. मुक्ताला फ्रीजमध्ये रिकामं भांडं खपत नाही. तिच्या टापटिपीचा मला फायदा होतोय.

४ जुलै, शनिवार

मुक्ताने अनारशांचे तांदूळ भिजत घातले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. या टंचाईत? कुणासाठी, म्हणून विचारलं तर म्हणाली, "देवळात दान द्यायचंय, तेहतीस." धर्माच्या कामाला मी कशाला आडवं जाऊ? तांदळाचं ते पाणी ती वासराला पाजते.

आज मिश्रण उत्तम जमलं. फेस नाही, रंग तांबूस. आश्रुबाने नाकाला लावून मान डोलवली. नमुना म्हणून थोडं एका रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं, परवा पुन्हा तुलना करायला.

६ जुलै, सोमवार

अनर्थ झाला.

प्रत्येक सभासदाच्या दुधाचा नमुना आम्ही नंबर टाकलेल्या छोट्या बाटलीत ठेवतो आणि सोमवारी शीतकरण केंद्राची गाडी त्या बाटल्या तपासायला नेते. मी ज्या "रिकाम्या" बाटलीत मॅनहॅटन भरलं ती सतरा नंबरची होती. आज ती गाडीत बसून गेली.

दुपारी केंद्रातून मोहनरावांचा फोन. "आप्पा, तुमच्या सतरा नंबरच्या म्हशीला काय चारता? फॅट शून्य, रंग चहाचा."

मी म्हणालो, "काही चूक झाली असेल, साहेब."

"आसंल आसंल," मोहनराव आवाज उतरवून म्हणाले. "फेरतपासणीला आणखी एक बाटली पाठवून द्या. जरा मोठी पाठवा."

हे इथेच थांबलं असतं. पण सतरा नंबर म्हणजे सारजाबाई. एक म्हैस, तीही हाडं दिसणारी, अडीच लिटर दूध. मुक्ताच्या महिला मंडळातली सगळ्यात जुनी बाई. केंद्राच्या माणसाने तिला कळवलं की तुमच्या दुधात भेसळ आहे, उद्यापासून घेणार नाही. ती रडत आमच्या ओट्यावर आली. "मुक्ताबाई, म्या पाणीसुदिक घालत न्हाई हो. घालाया पाणी हाय कुठं?"

मला राहवलं नाही. सांगून टाकलं की चूक माझी आहे, त्या बाटलीत माझं पोटाचं औषध होतं, तुमचं दूध चोख आहे, मी लेखी देतो. लगेच कागद लिहून सही-शिक्का मारून तिच्या हातात दिला.

सारजाबाई गेल्यावर मुक्ता म्हणाली, "लई जालीम औषध दिसतंय."

"हो, फार कडू आहे."

"पोटाला गुण आला का पर?"

मी म्हणालो, येतोय हळूहळू. ती आत गेली. आतून कसलासा आवाज येत होता, खोकल्यासारखा. धूर गेला असेल नाकात.

८ जुलै, बुधवार

आज दोन वेळा खोटं बोललो. मंजूला सांगितलं, "आईने दोघांना बोलावलंय, रविवारी या." तिने विचारलं, "आई स्वतः म्हणाली?" मी म्हणालो, ठराव मंजूर आहे.

मुक्ताला सांगितलं, "रविवारी मंजू येतेय. एकटीच."

"एकटीच?"

"एकटीच."

"तुमाला खोटं बोलाया येत न्हाई, हे लई बरंय," ती म्हणाली. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल तिला अजूनही इतकी खात्री आहे, हे ऐकून मान खाली गेली. रविवारी ती दारातून त्या पोराला परत पाठवणार. मंजू त्याच्यामागे जाणार. आणि या वेळी दोष निव्वळ माझा असेल.

११ जुलै, शनिवार

बर्फ आहे, काढा मुरला आहे, चेऱ्या आहेत. पोटात खरंच दुखतंय.

मुक्ताने चार पाट घासून ठेवले. मी म्हणालो, आपण तर तीनच. "आसू द्या. पाट मांडला म्हनून कुणी बसतंच आसं न्हाई," ती म्हणाली. याचा अर्थ लागला नाही.

१२ जुलै, रविवार

सगळं सविस्तर लिहितो.

अकराच्या एसटीने दोघं उतरली. स्टॉप संस्थेच्या समोरच आहे. मंजू वाळली आहे. पाया पडली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. दोन वर्षांचं सगळं त्यातच आलं, मी रडलो. पोरगा सडपातळ, पांढरा इस्त्रीचा सदरा, हात जोडून बाजूला उभा. "नमस्कार, मामा."

मी मंजूला पुढे पाठवलं. "तू आईला भेट, आम्ही संस्था बघून येतो." माझा बेत असा की तोपर्यंत मुक्ताचं मन लेकीला पाहून विरघळेल. मंजूने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. "आप्पा, तुम्ही..." म्हणाली, पण गेली.

मी उत्तरेश्वरला आत नेलं आणि टेबलावरचं फडकं काढलं. व्हिस्की, काढा, काडेचिराईताचा अर्क, बर्फ, पिपेट, चेऱ्या. आश्रुबा कोपऱ्यात कॅनवर बसलेला.

तो वाकून एकेक वस्तू न्याहाळू लागला. मला वाटलं चुकलंच काहीतरी.

"हे माझ्यासाठी, मामा?" त्याने विचारलं. "रोज शंभर लोकांना करून देतो मी. माझ्यासाठी आजवर कुणी केलं न्हाई."

मग त्याने काढ्याची बाटली उघडून वास घेतला. "दवणा? किती दिवस मुरवला?" मी सांगितलं बारा. "पिपेट भारी हाय. आमच्याकडं एवढं बरोबर मापत न्हाईत." पस्तीस वर्षांत माझ्या मापाला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी सहा आणि तीन ओढल्या, फुगा लावून. दांडा हातात घेतला तसा त्याने हळूच धरला. "मामा, हे ताक न्हाई." मग लांब चमचा घेऊन जगच्या कडेकडेने फिरवत राहिला, इतका सावकाश की बर्फाचा आवाजच येईना. जगच्या अंगावर दव धरलं. गाळलं, चेरी सोडली. मी फुलपात्र त्याच्यापुढे धरलं. त्याने चमच्याचं टोक बुडवून जिभेला लावलं, बाहेर जाऊन थुंकून आला.

"झकास जमलंय. पर मी पीत न्हाई, मामा. चव तेवढी घेतो."

पंधरा दिवसांचे माझे कष्ट! मी काही बोलणार एवढ्यात दारातून आवाज आला, "झाला का काढा?"

मुक्ता. मागे मंजू.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी आणली. मांजरसुंब्याहून, बिभीषणकडून. यांचा काही संबंध नाही. आणि यांना मीच बोलावलंय, तुझ्या नावाने."

"म्हाईत हाय. बिभीषणानं त्याच दिशी फोन केलता मला." ती माझ्याकडे पाहतही नव्हती. त्याच्याकडे पाहत होती. 'या' म्हणाली नाही, 'बसा' म्हणाली नाही. "तुमी दारू वाढता."

"व्हय, मामी."

"कावून?"

"काम हाय. मला चांगलं येतं."

"आन् जास्ती झालेला मानूस आनखी मागाया लागला तर?"

"न्हाई म्हणतो."

"न्हाई म्हणल्यावर कोन ऐकतंय? माझ्या मंडळातल्या बाया रोज न्हाई म्हणतेत. मार खातेत."

"म्हणायची रीत आसती, मामी. शिकावं लागतं."

"दाखवा," मुक्ता म्हणाली. तिने पदर कंबरेला खोचला, पायरी उतरून बाहेर गेली आणि दारुड्या होऊन आत आली.

आश्रुबा खो खो हसू लागला. मीही हसलो. तिच्या अंगात ही कला आहे हे मला ठाऊक नव्हतं. पाय वाकडेतिकडे टाकत होती, मान लुळी. मग तिने कॅनवर हाताचा पंजा आपटला आणि आवाज खोलीभर घुमला.

"ए केसरे! कुठं दडलीस? काढ भाईर, आनखी हाय, म्हाईत हाय मला!" आश्रुबाचं हसू थांबलं. "मुक्ते, तू हो बाजूला. तुला काय करत न्हाई म्या. झोप तू."

केसरबाई हे माझ्या सासूबाईंचं नाव. नाटकात ऐन वेळी नावं सुचत नाहीत, माणूस घरातलीच घेतो. पण तिने स्वतःचंही नाव घेतलं, ते जरा चमत्कारिक वाटलं. मंजूने तोंडावर हात धरला होता.

उत्तरेश्वरने सुरुवातीला हॉटेलातलं हसू आणलं होतं, ते त्याने टाकून दिलं. फुलपात्र पाठीमागे, तिला दिसणार नाही असं ठेवलं. पाण्याचा तांब्या घेऊन टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्या समोर नाही, शेजारी उभा राहिला. आवाज अगदी खालचा.

"बाबा, आज बास झालं. आता मी देनार न्हाई. आधी पानी घ्या."

"तू कोन रे मला सांगनारा?" तिने हात उगारला. खरा उगारला. तो मागे सरला नाही.

"कुणी न्हाई. पर मुक्ता जागी हाय, बाबा. पोरगी झोपली न्हाई तुमच्यापायी. चला घरी, मी संगं येतो."

हात तसाच वर राहिला. मग सावकाश खाली आला. तिने त्याच्या हातातलं पाणी घेतलं आणि सगळं प्यायली.

"आसं कुणी म्हणलंच न्हाई," ती म्हणाली.

कुणी, कुणाला, ते तिने सांगितलं नाही. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते, तापाने, असं मला सांगितलेलं आहे. बत्तीस वर्षांत मी त्यापुढे काही विचारलं नाही. आज विचारावंसं वाटलं आणि भीतीही वाटली. विचारलं नाही. जवळ जाऊन तिचा हात धरला, आश्रुबादेखत. तिने सोडवून घेतला नाही.

मग तिने डोळे पुसले, फुलपात्रातली दारू बाहेर बाभळीच्या बुडाशी ओतली आणि जगमधला बर्फ आश्रुबाच्या हातावर ठेवला. पोराकडे वळून म्हणाली, "चला जावईबापू. धोंडे गार व्हायलेत."

१३ जुलै, सोमवार

सकाळी मुक्ता संस्थेत आली. उद्या महिला मंडळाची सभा आहे, फलकावर सूचना लिहा म्हणाली. ती सांगत गेली, मी खडूने लिहीत गेलो. विषय: न्हाई कसं म्हणायचं, करून दाखवणार. मार्गदर्शक: उत्तरेश्वर, मुक्काम पुणे.

"पुढं लिवा, मुक्ताबाईंचे जावई."

लिहिलं. मग व्यवसायाच्या जागी खडू अडला. "हॉटेलात नोकरी, असं लिहू का?" मी विचारलं.

"हाय त्योच लिवा."

"दारू वाढणे?"

"व्हय. मोठ्या अक्षरात."

लिहिलं. दूध घालायला आलेले लोक थांबून वाचू लागले. सारजाबाईला वाचता येत नाही, तिने मला मोठ्याने वाचायला सांगितलं, आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा एकदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी मुक्ता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि "मुक्ताबाईंचे जावई" असं मी वाचलं तेव्हा तिने डोक्यावरचा पदर नीट केला.